वीस रशियन कोट

शिवदास केळुसकर जूनमध्ये तीन दिवसांच्या लीडरशिप ट्रेनिंगला दुबईला गेले आणि परत आले ते जपानी सेनापती होऊन.

आमची कंपनी बहरीनमध्ये इमारतींना काचेचे दर्शनी भाग बसवते. केळुसकर तिचे ऑपरेशन्स डायरेक्टर. मूळचे पार्ल्याचे, वय पंचावन्न, केस नियमित काळे केलेले, आणि समोरच्याचं वाक्य संपायच्या आत "करेक्ट" म्हणायची सवय. मी तिथे सेफ्टी ऑफिसर होतो. माझं नाव गौरव. कामावर कुणाला इजा होऊ नये हे पाहण्याचा पगार मला मिळत होता. पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, तेव्हा केळुसकरांबद्दल मी जे बोलेन त्यातलं थोडं माझ्याकडेही वळवून घ्यावं.

दुबईच्या त्या ट्रेनिंगमध्ये कुणीतरी १९०४ सालच्या एका लढाईची स्लाइड दाखवली होती. ताशिचियाओ नावाचं मांचुरियातलं एक रेल्वे स्टेशन. तिथे जपानी सैन्याने रशियन सैन्याला हटवलं. केळुसकरांना तेवढं पुरलं. एका मोठ्या कंपनीच्या तोंडचं काम आम्ही त्याच वर्षी हिसकावलं होतं, शिवाय कंपनीला वीस वर्षं पूर्ण होत होती. त्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की आपण जपान आणि ते रशिया. वर्धापन दिनाला मनामाच्या अदलिया भागातल्या एका रेस्टॉरंटचा हॉल घेतला होता. तिथे या लढाईवरची आठ मिनिटांची फिल्म दाखवायची, ती आपणच करायची, आणि त्यात आपलीच माणसं काम करणार. मीटिंगमधले सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या.

एचआरमधल्या कस्तुरीला स्क्रिप्ट लिहायला सांगण्यात आलं. ती नागपूरची, हुशार मुलगी, पण रशिया-जपान युद्ध झालं होतं हेच तिला त्या दिवशी समजलं. मला इतिहास वाचायची आवड आहे हे तिला माहीत होतं, म्हणून ती माझ्याकडे आली. मी दोन संध्याकाळी बसून मिळेल ते वाचलं.

वाचून माझं हसू थांबेना. ती लढाई एवढीशीच होती. मोठ्या युद्धातली एक किरकोळ चकमक म्हणावी अशी. जुलैच्या कडक उन्हात जपान्यांनी दिवसभर टेकड्यांवर हल्ले केले आणि दिवसभर मार खाल्ला. रशियन तोफा नीट लपवलेल्या होत्या, त्या हटल्या नाहीत. जपान्यांना एक-दोन टेकड्या मिळाल्या त्या अंधार पडल्यावर. तेवढ्यावरून रशियन सेनापतींनी आपणहून गाशा गुंडाळला. त्यांच्यातला एक सरदार तर दिवसभर माघारीची परवानगी मागत होता. दुसऱ्या दिवशी जपानी स्टेशनात शिरले तेव्हा अडवायला कुणी नव्हतं. दोन्हीकडची प्रत्येकी हजारेक माणसं मेली किंवा जखमी झाली. एका लेखात असंही होतं की रशियन शिपायांच्या अंगावर हिवाळ्याचे जाड गणवेश होते आणि गोळ्या लागण्याआधीच कितीतरी जण उष्माघाताने कोसळले.

ही शेवटची गोष्ट मी केळुसकरांना मुद्दाम सांगितली. म्हटलं, सर, यात नेतृत्व वगैरे फारसं नाही. एका बाजूच्या वरिष्ठांना आपली माणसं उन्हात कशात उभी आहेत हेसुद्धा दिसलं नाही, एवढाच याचा धडा आहे.

"करेक्ट," केळुसकर म्हणाले. "जाड कोट. व्हिज्युअल किती छान येईल."

असे ते कोट आले. माझ्या तोंडून आले.

मनामातल्या एका टेलरकडून वीस कोट शिवून घेतले. राखाडी, गुडघ्याखाली जाणारे, ब्लँकेटच्या कापडाचे आणि आतून अस्तर लावलेले. हातात घेतला तरी दंडाला घाम यायचा. जपान्यांना मात्र खाकी सुती शर्ट. कोण जपानी आणि कोण रशियन हे ठरवायला वेळ लागला नाही. अकाउंट्स, परचेस आणि एस्टिमेशनची एसीत बसणारी मंडळी जपानी झाली. सलमाबादच्या वर्कशॉपमधले वीस कामगार रशियन झाले. त्यासाठी कुणी कुणाला विचारलं नाही आणि कुणी कुणाला सांगितलंही नाही. सगळ्यांना ते आपोआपच कळलं होतं.

वर्कशॉपचा फोरमन अझहर याला रशियन सेनापती केलं, कारण तो उंच होता आणि त्याला दाढी होती. अझहरभाई रायगडातल्या म्हसळ्याचे. पन्नाशीचे. सतरा वर्षं त्याच शेडमध्ये. त्यांनी कोट हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं की शूटिंग आत शेडमध्ये करता येणार नाही का. मी विचारून सांगतो म्हणालो. केळुसकर म्हणाले, शेडमध्ये मांचुरिया कसा दिसेल?

शनिवार ठरला. ऑफिसला सुट्टी असते, वर्कशॉप चालू असतं, म्हणजे वीस माणसं तशीही हजरच. जुलै महिन्यात बहरीनमध्ये दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करायला सरकारी बंदी असते. गुरुवारी कस्तुरीने मला एक फॉर्म आणून दिला. उपक्रमाचं नाव होतं टीम बिल्डिंग. काम या शब्दाऐवजी सगळीकडे अॅक्टिव्हिटी हा शब्द घातला होता. खाली माझ्या सहीची जागा. मी धोक्याच्या रकान्यात लिहिलं, "पुरेसं पाणी आणि सावली उपलब्ध." मग सही केली. अकराच्या आत आटपेल, असं मी स्वतःला सांगितलं. केळुसकर आजपर्यंत एकाही मीटिंगला वेळेवर आलेले नव्हते हे मला ठाऊक होतं.

ते साडेदहाला आले. सलमाबादच्या आमच्या आवारात खडीचे दोन मोठे ढीग होते, त्याच टेकड्या. वरती लाकडी पॅलेट लावून मोर्चा केला होता, आणि जाड पीव्हीसी पाइप काळे रंगवून तोफा. एका बाजूला मांडव घातला होता. त्याखाली मोठा पंखा, खुर्च्या आणि बर्फाच्या पेटीत ज्यूसच्या बाटल्या. मांडव जपान्यांसाठी होता. रशियन आठ वाजल्यापासून कोट घालून खडीवर बसलेले होते, कारण कॅमेरामनला उजेड तपासायचा होता.

केळुसकरांनी कमरेला तलवार लावली होती. त्यांना एकच वाक्य बोलायचं होतं, तेही स्वतःच रचलेलं. "ताशिचियाओची टेकडी मोठी नाही, आपली इच्छाशक्ती मोठी आहे." इंग्रजीत बोलायचं होतं, पण त्यांना ते गावाचं नाव जमेना. ताचिशियाओ झालं, ताशिचाय झालं, एकदा तर नुसतं चियाओ झालं. दर वेळी कॅमेरा थांबायचा, जपानी हसायचे, केळुसकरही हसायचे आणि मांडवात येऊन ज्यूसचा घोट घ्यायचे. दर वेळी वरच्या वीस माणसांना पुन्हा उभं राहून बंदुका रोखायच्या असत, कारण मागे ती दिसायला हवी होती.

अकराला अझहरभाई खाली आले आणि मला म्हणाले की पोरांना दहा मिनिटं शेडमध्ये जाऊ द्या. मी केळुसकरांकडे गेलो. हा टेक झाला की लगेच, असं ते म्हणाले. साडेअकराला अझहरभाई थेट त्यांच्याकडेच गेले. तेव्हाही तेच उत्तर मिळालं. पाणी होतं, ते खरं. पण बाटल्यांचा क्रेट उन्हातच पडला होता आणि पाणी चहाइतकं गरम झालं होतं. सावलीबद्दल मी जे लिहिलं होतं ती मांडवाची सावली होती, आणि मांडवात कोट घातलेल्या एकालाही कुणी बोलावलं नव्हतं.

बारा वाजले. मी घड्याळ पाहिलं, केळुसकरांकडे गेलो आणि बारा वाजल्याचं सांगितलं.

"गौरव, रशियन पण असेच रडत होते. म्हणून हरले," ते म्हणाले. मांडवातले जपानी पुन्हा हसले.

मी मांडवाच्या कडेला उभा राहिलो. तिथे सावली होती. पुढची पंचवीस मिनिटं मी काय केलं असं कुणी विचारलं तर तेवढंच केलं.

शेवटचा हल्ला चित्रित करायचा होता. जपानी ओरडत खडीवर चढले, निम्म्या वाटेवर धापा टाकत थांबले आणि हात टेकून पुन्हा चढले. वर रशियनांनी ठरल्याप्रमाणे मागे सरायचं होतं. त्यातला ओवैस मागे सरला नाही. तो मुरूडचा, चाळिशीचा, फॅब्रिकेशनमधला आमचा सगळ्यात सफाईदार हात. तो जागेवर उभा राहिला, बंदूक खाली टाकली, काहीतरी पुटपुटला आणि एका कुशीवर पडून खडीवरून घसरत पार खाली आला.

"ब्रिलियंट," केळुसकर म्हणाले. "कट करू नका. चालू ठेवा."

त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मागोमाग जपान्यांनीही वाजवल्या. ओवैसच्या कपाळावर घामाचा थेंबही नव्हता, ते मी दहा फुटांवरून पाहिलं आणि धावलो. घाम थांबला की काय होतं हे मी दर उन्हाळ्यात याच माणसांना तक्त्यावर लिहून शिकवत आलो होतो.

मी पोहोचेपर्यंत अझहरभाई पोहोचले होते. त्यांनी ओवैसच्या कोटाची बटणं अक्षरशः तोडली. मी मांडवातली बर्फाची पेटी ओढत आणली आणि ज्यूसच्या बाटल्या बाहेर फेकून बर्फ त्याच्या काखेत, मानेवर, जांघेत लावला. ओवैसचे डोळे उघडे होते, पण तो आम्हाला ओळखत नव्हता. मुरूडच्या धक्क्याला बोट लागली का, असं सारखं विचारत होता. मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. मागून केळुसकर विचारत होते की आवाराच्या मागच्या फाटकाने आणता येईल का.

अझहरभाई उठले. त्यांनी स्वतःचा कोट काढून खडीवर टाकला आणि वरच्या माणसांकडे पाहून एकच शब्द उच्चारला.

"खलास."

वरून एकेक कोट खाली पडत गेला. माणसं ढिगावरून उतरली आणि केळुसकरांच्या समोरून एकेक करून शेडमध्ये गेली. कुणी त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं नाही. केळुसकर तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभे होते. खरं सांगायचं तर त्या कपड्यात ते इतके क्षुद्र दिसत होते की मला त्यांच्याकडे बघवेना, आणि लगेच माझ्या लक्षात आलं की अझहरभाईही माझ्याकडे बघायचं टाळत होते.

ओवैस वाचला. तीन दिवस सरकारी इस्पितळात होता. मूत्रपिंडाला धक्का बसला होता, पण निभावलं. चौथ्या दिवशी मी सलमाबादला त्याच्या खोलीवर गेलो. एका खोलीत सहा जण. तो खालच्या पलंगावर आडवा झाला होता. मी फळं नेली होती ती त्याने उशाशी ठेवली आणि मला बसायला सांगितलं. मुरूडहून बायकोचा, जुबैदाचा फोन येत होता. तिला त्याने ताप आला होता एवढंच कळवलं होतं. ऑफिसमधली पोरं आता वर्कशॉपच्या माणसांना रशियन म्हणून हाक मारतात, हे त्याच्या कानावर आलं होतं. त्याचं त्याला विशेष काही वाटलं नसावं. मग त्याने विचारलं की ती लढाई खरोखरची होती का.

मी होती म्हणालो.

"कशासाठी लढले ते?"

"एका रेल्वे स्टेशनसाठी."

"जपानात होतं ते?"

"नाही."

"मग रशियात?"

"नाही. चीनमध्ये."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी थट्टा करतोय का, हे ताडत असावा. "म्हणजे दुसऱ्याच्या घरात," तो म्हणाला. मग भिंतीकडे वळून, औषधाने गुंगी येते, झोपतो थोडा, असं सांगून त्याने डोळे मिटले.

ऑफिसात माझ्यासाठी अपघाताचा रिपोर्ट तयारच होता. कस्तुरीने पाठवला होता. तिच्याकडून तो लिहून घेणारा अर्थातच दुसरा होता. त्यात घटनेची वेळ अकरा चाळीस होती. कारण, कामगाराने सकाळी नाश्ता केला नव्हता. कोटाचा उल्लेख नव्हता. त्यातले "ऐच्छिक सांस्कृतिक कार्यक्रम" हे शब्द मी पुनःपुन्हा वाचले. सहा दिवस मी तो रिपोर्ट ना सही करून पाठवला ना परत केला. केळुसकर रोज जाता जाता माझ्या टेबलावर टकटक करत आणि "झालं ना?" म्हणत. मी करतो म्हणत होतो. सातव्या दिवशी मी स्वतःचा रिपोर्ट लिहिला. वेळ बारा पंचवीस. कोटाचं कापड, अस्तर, गरम पाणी, मांडव, सगळं लिहिलं. आणि शेवटी, परवानगीच्या फॉर्मवर माझी सही होती, हेही. पण तो पाठवायची हिंमत झाली नाही. प्रिंट काढून खिशात ठेवला.

त्याच संध्याकाळी अदलियात वर्धापन दिन होता. कामगारांना बोलावणं नव्हतं, फक्त फोरमनना होतं. अझहरभाई इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागच्या टेबलावर एकटे बसले होते. कंपनीचे मालक, एक वयस्कर बहरीनी गृहस्थ, तासाभरासाठी आले होते. केळुसकर त्यांच्या शेजारी होते आणि सारखे वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगत होते.

फिल्म सुरू झाली. संगीत होतं, धूर होता. केळुसकरांचं वाक्य नंतर स्टुडिओत रेकॉर्ड केलेलं, त्यामुळे ताशिचियाओ एकदाचं नीट आलं होतं. तो पडण्याचा प्रसंग फिल्ममध्ये असेल असं मला वाटलंच नव्हतं. माणसाला थोडी तरी लाज असते असं मी धरून चाललो होतो. पण तो होता, आणि स्लो मोशनमध्ये होता. ओवैस बंदूक टाकतो, कुशीवर पडतो, घसरत खाली येतो, आणि त्यावर अक्षरं उमटतात, इच्छाशक्तीचा विजय. हॉलने टाळ्या वाजवल्या.

अझहरभाई उभे राहिले. आवाज चढवला नाही, पण टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग इंग्रजीतच, कामापुरतं येत होतं त्या इंग्रजीत, त्यांनी मालकांना सांगितलं की हा माणूस अॅक्टिंग करत नाही. त्याचं नाव ओवैस. तो बेशुद्ध पडलाय. तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते.

केळुसकर हसत उठले आणि हा किरकोळ प्रकार होता, सगळं नियमात होतं, सेफ्टी ऑफिसरची सही आहे, असं म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मालकांनी मला जवळ बोलावलं आणि किती वाजले होते ते विचारलं.

"बारा पंचवीस," मी म्हणालो.

आणि सही कुणाची, हेही त्यांनी विचारलं.

"माझीच आहे."

मी खिशातला कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला. मग त्यांनी घडी घालून तो आपल्याकडे ठेवला, जेवण सुरू करा म्हणाले आणि स्वतः न जेवता निघून गेले. लोकांनी मात्र जेवण सोडलं नाही. बिर्याणीच्या रांगेत केळुसकरांच्या मागे कुणी उभं राहत नव्हतं. दहा दिवसांपूर्वी हेच सगळे त्यांच्या मागे खडीवर चढले होते.

केळुसकरांना काढलं नाही. अशा माणसांना काढत नाहीत. त्यांना अॅडव्हायजर केलं आणि दुसऱ्या मजल्यावर एक खोली दिली. नव्या पोरांना गाठून ते अजून ती लढाई सांगतात असं ऐकतो. वर्कशॉपला उन्हाळ्यात अकरालाच बाहेरचं काम बंद करण्याचा नियम झाला. ओवैस महिन्याने कामावर आला. माझं कॉन्ट्रॅक्ट सप्टेंबरमध्ये संपलं आणि वाढवलं गेलं नाही, त्याचं कारण दिलं गेलं नाही आणि मी विचारलंही नाही.

शेवटच्या दिवशी मी सगळ्यांचा निरोप घ्यायला वर्कशॉपमध्ये गेलो. अझहरभाई एका लांब अॅल्युमिनियमच्या पट्टीला खूण करत होते. त्यांनी पेन्सिल कानामागे ठेवली, हात पुसून माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि पुण्याला घरी कोण कोण आहे ते विचारलं. मी सांगितलं. मी अदलियातला विषय काढला, त्यांचे आभार मानायला.

"तिथे तुम्ही खरं बोललात, बरं झालं," ते म्हणाले. "पण साहेब, आम्हाला ते खरं त्या फॉर्मवर हवं होतं."

त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. पट्टीचं दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं होतं. त्यांनी मला ते धरायला सांगितलं नाही, शेडमधल्या दुसऱ्या माणसाला हाक मारली.